थीफ: द डार्क प्रोजेक्ट

'थीफ: द डार्क प्रोजेक्ट' हा लुकिंग ग्लास स्टुडिओज या अमेरिकी संस्थेने विकसित केलेला व आयडॉस इंटरॅक्टिव्हने १९९८च्या अखेरीस प्रकाशित केलेला संगणकीय खेळ आहे. घरफोडी हा त्याचा विषय असून खेळणारा गॅरेट नावाच्या चोराच्या डोळ्यांनी सर्व काही पाहतो. त्या काळी अशा दृष्टिकोनाचे बहुतेक खेळ गोळीबाराचे होते. येथे मात्र कुणाच्या दृष्टीस पडणे हेच अपयश. त्याच वर्षी आलेल्या 'टेन्चू' व 'मेटल गिअर सॉलिड' या जपानी खेळांसह ही कृती लपतछपत खेळावयाच्या खेळप्रकाराचा पाया मानली जाते.

कथानक

अनाथ गॅरेट लहानपणी एका गूढ पंथीयाचा खिसा कापू पाहतो. इतरांच्या नजरेस न पडणारा हा माणूस याला दिसला कसा, या कुतूहलाने तो पंथीय त्याला शिष्य करून घेतो. पुढे तेथील विद्या घेऊन गॅरेट पंथ सोडतो व चोरीचा मार्ग धरतो. पहिली मोठी मोहीम लॉर्ड बॅफर्ड या धनिकाच्या वाड्यातील रत्नजडित राजदंड पळविण्याची आहे.

खेळण्याची पद्धत

पडद्याच्या तळाशी असलेले एक रत्न गॅरेट किती उजेडात आहे हे दाखविते. पाण्याचा बाण सोडून मशाल विझविता येते, शेवाळाच्या बाणाने जमीन मऊ करता येते, तर दोराचा बाण लाकडी तुळईत रुतवून वर चढता येते. विजेचे दिवे मात्र पाण्याने विझत नाहीत. तलवार हाती असली तरी समोरासमोरच्या झुंजीत गॅरेटचा निभाव लागणे कठीण. मागून सोट्याचा एक फटका, मग मूर्च्छित पहारेकऱ्यास उचलून अंधारात लपविणे, हीच त्याची रीत.

खेळाचे खरे वैशिष्ट्य नाद हे आहे. संगमरवर, फरशी व लोखंड यांवर पाऊल वाजते. गालिचा व गवत ते गिळून टाकतात. सातारा-सांगलीकडील जुन्या वाड्यांत वावरलेल्या वाचकास हे समजावून सांगावे लागणार नाही. तेथे सारवलेले माजघर मुके असते, माडीचा लाकडी जिना मात्र चहाडखोर. पहारेकरीही स्वतःशी पुटपुटतात, शिळ घालतात, आणि चाहूल लागताच त्यांचा स्वर बदलतो. म्हणून खेळणाऱ्याला डोळ्यांइतकेच कानांवर विसंबावे लागते.

काठिण्याच्या तीन पातळ्या आहेत. पातळी चढते तशी उद्दिष्टे वाढतात, अधिक ऐवज गोळा करावा लागतो, आणि सर्वांत कठीण पातळीवर बहुतेक मोहिमांत माणसाची हत्या निषिद्ध ठरते. कौशल्य जितके मोठे तितकी हिंसा कमी, असा हा उलटा हिशेब आहे.

शर्विलकाशी साम्य

या हिशेबाचा पूर्वज मराठी रसिकांना परिचित आहे. सांगलीजवळच्या हरिपूरचे नाटककार गोविंद बल्लाळ देवल यांनी शूद्रकाचे 'मृच्छकटिक' मराठी संगीत रंगभूमीवर आणले. मूळ संस्कृत नाटकाच्या तिसऱ्या अंकात शर्विलक चारुदत्ताचे घर फोडतो. भिंतीतील भोक कोणत्या आकाराचे असावे याचा तो विचार करतो, मापाची दोरी विसरल्यामुळे जानव्याने मोजतो, दार करकरू नये म्हणून त्यावर पाणी शिंपडतो, निजलेले खरोखर झोपलेत ना याची खात्री करतो आणि किडा सोडून दिवा मालवितो. भ्यालेल्यावर वा निजलेल्यावर आपण प्रहार करीत नाही, अशी त्याची ग्वाही आहे. चोरीचा हेतू मदनिकेला दास्यातून सोडविण्याचा असल्याने प्रेक्षक त्याला क्षमा करतो. गॅरेटजवळ असे उदात्त कारण नाही, त्याला घरभाडे द्यायचे असते. दोन्ही कृतींचा परस्परसंबंध नाही, साम्य विषयातून आले आहे. मराठीत 'शर्विलक' हा शब्द चोराचा विनोदी पर्याय म्हणून रूढ झाला, ही त्या अंकाच्या लोकप्रियतेची खूण.

निर्मिती व उत्तरकाळ

आरंभी संस्थेच्या मनात आर्थर राजाच्या कथेवर आधारित तलवारबाजीचा खेळ होता. तो बेत मागे पडून चोराची कल्पना पुढे आली. ग्रेग लोपिकोलो हे प्रकल्पप्रमुख होते, तर ध्वनीची बाजू एरिक ब्रोशियस यांनी सांभाळली. १९९९ मध्ये 'थीफ गोल्ड' ही वाढीव आवृत्ती व २००० मध्ये दुसरा भाग 'द मेटल एज' निघाला. त्याच वर्षी मे महिन्यात लुकिंग ग्लास बंद पडली. पुढचे भाग अन्य संस्थांनी २००४ व २०१४ मध्ये काढले. चाहत्यांनी स्वतः रचलेल्या शेकडो मोहिमा विनामूल्य उपलब्ध असून, याच धर्तीवर स्वयंसेवकांनी घडविलेला 'द डार्क मॉड' २००९ पासून खेळला जातो.