प्रश्नावलीचे कुळ

हल्ली तरुण मंडळी मोबाईलवर दहा-वीस प्रश्नांची उत्तरे देतात आणि आपला स्वभाव कोणता, आपल्या जातकुळीची माणसे कोणती, हे घटकाभरात जाणून घेतात. त्यातून ओळखी होतात, मैत्र जुळते. या हौसेला मी हसणार नाही. आपल्यासारखे आणखी कोणी जगात आहे, हे कळावे असे कोणाला वाटत नाही? परंतु आम्हा कामगार चळवळीतल्या माणसांना एक खोड असते. कोणताही कागद पुढे आला की तो छापला कोणी आणि भरल्यावर जातो कोणाच्या कपाटात, हे आम्ही आधी पाहतो. त्या नजरेने या प्रश्नावलीचे कुळ शोधू लागलो, तर ते थेट लष्कराच्या भरतीत सापडते.

१९१७ साली अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली. तोफांच्या भडिमाराने शिपायांची मने खचत. असा माणूस भरतीच्या वेळीच ओळखता यावा, म्हणून कोलंबिया विद्यापीठाचे रॉबर्ट वुडवर्थ यांनी ११६ प्रश्नांचा तक्ता तयार केला. झोप नीट लागते काय, अशा धर्तीचे प्रश्न. उत्तर फक्त ‘होय’ किंवा ‘नाही’. तक्ता कामी येण्यापूर्वीच लढाई संपली. पण एकदा तयार झालेली चाळणी कोणी फेकून देत नाही. ती कारखान्याच्या फाटकावर आली.

नेथन शेफरमन या गृहस्थांनी १९३९ साली अमेरिकेत एक सल्लागार संस्था काढली. मालकांच्या कारखान्यांत व दुकानांत युनियन शिरू न देणे, हा तिचा धंदा. आणि नोकरांच्या मनाचा कल काढणाऱ्या प्रश्नावल्या हे तिच्या भात्यातले एक हत्यार. १९५७ साली सिनेटच्या मॅक्लेलन समितीने तिचे व्यवहार उघड्यावर आणले. (आमच्या मुंबईच्या गिरण्यांत जॉबर हीच चाळणी तोंडी चालवीत असे: गाव कोणते, कोणाच्या ओळखीने आलास? कागद नव्हता, एवढेच.) १९५६ साली विल्यम व्हाइट यांनी नोकरदार माणसावर एक गाजलेले पुस्तक लिहिले, आणि त्याला अशा चाचण्यांत लबाडी कशी करावी, याचे खास परिशिष्ट जोडले! ते वाचून मला फार बरे वाटले.

मग ही चाळणी आरसा कशी झाली? त्याचे श्रेय कॅथरिन ब्रिग्ज आणि इसाबेल मायर्स या मायलेकींकडे जाते. दोघींनीही मानसशास्त्राचे रीतसर शिक्षण घेतलेले नव्हते. मुलगी तर रहस्यकथा लिहिणारी. युंग यांच्या १९२१ च्या ग्रंथाचा आधार घेऊन त्यांनी माणसांचे सोळा प्रकार मांडले. शाळा-कॉलेजाबाहेर शिकलेल्या माणसाला याचे कौतुक वाटणारच. दुसऱ्या महायुद्धात कामावर येणाऱ्यांना मानवेल असे काम मिळावे, हा इसाबेलबाईंचा हेतू होता. त्यांच्या पद्धतीत कोणताच प्रकार वाईट नव्हता. माझ्या मते तिच्या लोकप्रियतेचे मर्म इथेच आहे.

गोड बोलणे पटतेही लवकर. १९४८ साली बर्ट्रम फोरर यांनी ३९ विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि प्रत्येकाला त्याच्या स्वभावाचे वर्णन दिले. वर्णन किती जुळते, याला विद्यार्थ्यांनी पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले. मग उलगडा झाला. सर्वांना एकच मजकूर दिला होता, आणि त्यातली वाक्ये बाजारातल्या भविष्याच्या पुस्तकातून उचललेली होती. आपल्याकडे राशिभविष्य वाचणाऱ्याला हे नवल वाटू नये.

परंतु भविष्याचे पुस्तक वाचकाची माहिती टिपून ठेवीत नाही. मोबाईलवरची प्रश्नावली ठेवू शकते. २०१८ साली केंब्रिज ॲनालिटिका प्रकरण उघडकीस आले. फेसबुकमार्फत चाललेली ती स्वभावचाचणी सुमारे २ लाख ७० हजार लोकांनी घेतली होती. तिच्यातून त्यांची, आणि त्यांच्या फेसबुकवरील मित्रांचीही, माहिती निवडणूक प्रचाराचा धंदा करणाऱ्या त्या कंपनीकडे गेली. असे सुमारे ८ कोटी ७० लाख लोक असावेत, असा कबुलीजबाब फेसबुकने दिला. भारतात ते ॲप घेणारे होते ३३५. माहिती गेली असण्याची शक्यता सांगितली गेली ती ५ लाख ६२ हजार ४५५ जणांची. त्या ३३५ जणांखेरीज बाकी कोणी त्या चाचणीचा एकही प्रश्न सोडविला नव्हता.