चालतंय म्हणजे बरोबर चालतंय का?

मंडळी, नव्वदच्या दशकाच्या शेवटी आपल्या इंदूरच्या मराठी घरांत कॉम्प्युटर आले, ते बहुतेक असेम्बल केलेले. त्या काळातला एक उद्योग लिहून ठेवायचं बरेच दिवस मनात होतं. प्रोसेसर ठरलेल्या वेगापेक्षा जास्त पळवायचा, म्हणजे ओव्हरक्लॉकिंग. आणि मग तो वेग त्याला झेपतो का, हे तपासायचं.

ऑगस्ट १९९८ मध्ये इंटेलने सेलेरॉन ३००ए हा स्वस्त प्रोसेसर काढला. त्याआधीच्या सेलेरॉनला एल-टू कॅशच नव्हती, त्यामुळे तो मंद ठरला होता. ३००ए मध्ये १२८ केबी कॅश चिपवरच बसवली आणि ती प्रोसेसरच्याच वेगाने चाले. महागड्या पेंटियम टूची कॅश ५१२ केबी, पण अर्ध्या वेगाची. हिशेब सोपा होता: मदरबोर्डची बस ६६.६६ मेगाहर्ट्झ, गुणक साडेचार, म्हणून ३००. गुणक इंटेलने बांधून टाकला होता, पण बस १०० केली की सरळ ४५०! अबिट कंपनीच्या बीएच-६ सारख्या बोर्डावर तर हे बायोसमधूनच करता येई. वेग दीडपट, पैसा शून्य. जगभरची पोरं यामागे लागली.

माझा पुतण्याही त्यांतलाच. १९९९च्या मे महिन्यात मला गणेशोत्सव मंडळाचा जमाखर्च त्याच्या मशीनवर चढवायचा होता. विंडोज सुरू होत होतं, एक्सेल उघडत होतं. मी म्हटलं, "अरे, चालतंय की!" तर म्हणाला, "काका, चालतंय म्हणजे बरोबर चालतंय असं नाही. आधी चोवीस तास टॉर्चर टेस्ट."

त्याचं म्हणणं रास्त होतं. ३०० मेगाहर्ट्झला एका ठोक्याला साधारण ३.३ नॅनोसेकंद मिळतात, ४५० ला २.२. तेवढ्या वेळात आकडा एका टप्प्यातून पुढच्या टप्प्यात पोचायलाच हवा. उशीर झाला तर पुढचा टप्पा अर्धवट आकडा उचलतो. मशीन हँग झालं तर निदान कळतं तरी. चुकीचा आकडा घेऊन ते मुकाट्याने पुढे गेलं तर कोणाला पत्ताच लागत नाही. शिवाय चिप तापली की आणखी मंदावते. व्होल्टेज वाढवून वेग सांभाळावा, तर उष्णता वाढते.

टेस्ट होती प्राइम९५ या प्रोग्रामची. मुळात तो यासाठी लिहिलेलाच नव्हता. अमेरिकेतल्या जॉर्ज वोल्टमन यांनी १९९६ मध्ये मर्सेन मूळ संख्या (२ चा घात वजा १ अशा) शोधण्याचा सामुदायिक उपक्रम सुरू केला, त्यातला हा प्रोग्राम. एकेका संख्येसाठी लाखो वर्ग करावे लागत. मध्ये एक आकडा चुकला की कित्येक दिवसांची मेहनत पाण्यात. म्हणून आधी मशीनचीच परीक्षा घ्यायची सोय त्यात ठेवली. ज्यांची उत्तरं आधीच माहीत आहेत अशी गणितं तो करवून घेतो आणि ताळा पाहतो. जे आकडे पूर्णांकाच्या अगदी जवळ यायला हवेत, ते ०.४ हून जास्त सरकले तरी तो थांबतो. त्या उपक्रमात त्या काळी एकाचं उत्तर दुसऱ्या मशीनवर पुन्हा तपासत. हे वाचून मला आमच्या बँकेचीच पद्धत आठवली: एंट्री एकाची, तपासणी दुसऱ्याची.

आमच्याकडे काय झालं? पहिल्यांदा लाइट गेली, टेस्ट अर्धवट. दुसऱ्यांदा रात्रभर पास, आणि दुपारी इंदूरचं ऊन तापलं की एरर. पंखा मोठा लावला, तरी भर दुपारी एरर आलीच. शेवटी पुतण्याने बस पुन्हा ६६ वर आणली. टेस्ट पास झाली, आणि मगच मंडळाची वर्गणी त्या मशीनमध्ये गेली. हौसेचा ४५० चा वेग त्याने सोडला, याचं मला कौतुक वाटलं. लोकांच्या पैशाचा हिशेब होता तो.

पुढे जानेवारी २०१६ मध्ये इंटेलने मान्य केलं की स्कायलेक प्रोसेसर काही अवघड गणितांत अडकतात. ते उघडकीस आणलं ते प्राइम९५ चालवणाऱ्यांनीच. आणि तेही ओव्हरक्लॉक न करता. मग बायोसच्या अपडेटने दुरुस्ती झाली. म्हणजे कंपनीचा शिक्का असला तरी ताळा हवाच.

तुमच्या घरी त्या काळी असं कोणी रात्र-रात्र टेस्ट लावून बसायचं का? आठवत असेल तर खाली जरूर लिहा.