गुलाबी ट्यूब आणि आमच्या माणसांचा रंग

पिरंगुटच्या कंपनीत पाळी करणारा आमच्या वस्तीतला एक तरुण तैलरंगात व्यक्तिचित्र शिकतो आहे. पहिले चित्र अर्थातच बाबासाहेबांचे. आम्ही बघायला गेलो. कपाळ, चष्मा, कोट सगळे जमले होते. चेहरा मात्र गुलाबी! विचारले तर म्हणाला, "दादा, कातडीच्या रंगाची ट्यूबच तशी मिळते."

बाबासाहेब उजळ होते की सावळे, हा आमचा वाद नाही. पण ते विलायती गुलाबी नक्कीच नव्हते. 'फ्लेश टिंट' नावाची ही ट्यूब युरोपच्या कातडीवरून ठरली. ती आमच्या चेहऱ्यावर आली कशी?

तैलरंगाची विद्या इथे कुणाला सहज मिळाली नाही. रविवर्मा त्रावणकोर राजघराण्याच्या नात्यातला, तरी दरबारी चित्रकार रामस्वामी नायकर याने त्याला शिकवायला नकार दिला. १८६८ मध्ये थिओडोर जेन्सन आला, त्यानेही फक्त बघू दिले. राजवाड्यातल्या पोराची ही गत, तर महारवाड्यातल्या पोराने कुठे उभे राहून बघायचे होते?

याच रविवर्म्याचा छापखाना १८९४ साली मुंबईत निघाला आणि पुढे मळवलीला आला. मळवली म्हणजे आमच्या मुळशीला लागून असलेला मावळ. तिथे छापलेल्या गोऱ्या लक्ष्मी-सरस्वती घरोघर गेल्या. आमच्या लोकांनी १९५६ नंतर भिंतीवरचे देव उतरवले. डोळ्यांना लागलेली रंगाची सवय मात्र राहिली.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १८५७ साली सुरू झालेल्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून मोठे हात तयार झाले. धुरंधरांचे कसब कोण नाकारेल? पण रॉथफेल्डच्या १९२० च्या 'विमेन ऑफ इंडिया' या पुस्तकातली त्यांची चित्रे उघडून बघा. बाईच्या चित्राखाली तिचे नाव नाही, जात किंवा प्रांत आहे. पैसे मोजणाऱ्याचे व्यक्तिचित्र, गरिबाचा मात्र नमुना.

गंमत अशी की याच जे. जे.चे विद्यार्थी १८७२ पासून ग्रिफिथ्ससोबत अजिंठ्याला जाऊन तिथल्या भित्तिचित्रांच्या तैलरंगात नकला करत होते. त्यातल्या बऱ्याच पुढे लंडनमध्ये आगीत जळाल्या. अजिंठ्याच्या भिंतींवर काळ्या-सावळ्या माणसांना राजवैभव आहे. बौद्ध लेण्यांतला हा धडा शेजारी असताना आम्ही रंग ट्यूबमधून घेतला.

म्हणून त्या तरुणाला आम्ही म्हटले, ही ट्यूब बाजूला ठेव. (आम्ही चित्रकार नाही, पण शिकवणाऱ्यांना विचारून आलो होतो.) बर्न्ट अंबर, यलो ऑकर, थोडा लाल, सावलीत अल्ट्रामरीन. उजेड दाखवायला नुसता पांढरा ओतला की सावळी कातडी राखेसारखी दिसते. काळ्या चेहऱ्यावरची चकाकी लहान असते, कपाळावर नि नाकाच्या शेंड्यावर, आणि खिडकीतून आकाशाचा उजेड येत असेल तर ती निळसर दिसते. हे पुस्तकात वाचून येत नाही, समोर माणूस बसवावा लागतो. तैलरंग सावकाश वाळतो, चुकले तर खरवडता येते.

त्याने आजीला बसवले. दोन रविवार गेले, मधल्या आठवड्यात रात्रपाळी. तिसऱ्या रविवारी आजी उठून कॅनव्हासपाशी गेली. "येवढं काळं कशाला रं?" मग स्वतःचा हात चित्राशेजारी धरून तिने बराच वेळ पाहिला.

"पदर तेवढा नीट काढ," म्हणाली, आणि पुन्हा खुर्चीवर जाऊन बसली.