खोत गेला, भाताचा काटा कुणाकडे?

खोतीविरोधी लढा आपण जमिनीचा लढा म्हणून सांगतो. तो भाताचाही होता. कुलाबा-रत्नागिरीत कूळ वर्षभर राबायचं आणि पीक निघालं की आधी खोताचा वाटा निघायचा. वर वेठ वेगळीच. म्हणून २७ ऑक्टोबर १९३३ ला अलिबागजवळच्या चरीत कुळांनी जमीन कसायलाच नकार दिला. पुढारी नारायण नागू पाटील. संप सहा वर्षं चालला. डिसेंबर १९३४ मध्ये बाबासाहेब चरीला गेले. १७ सप्टेंबर १९३७ ला त्यांनी खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं आणि जानेवारी १९३८ मध्ये हजारो शेतकरी मुंबईत कौन्सिल हॉलवर धडकले. त्यात महार होते, तसे कुणबी-आगरीही होते. बाबासाहेबांना एका जातीचे पुढारी ठरवणाऱ्यांनी हे कधी वाचलंय का?

खोती १९४९ च्या कायद्याने गेली. सातबाऱ्यावर नाव लागलं. पण गोदाम आणि गिरणी कुणाची? हमीभाव भाताला आहे, तांदळाला नाही. तोही खरेदी केंद्रापर्यंत पोहोचणाऱ्यालाच. एक-दीड एकरवाल्याकडे साठवायला जागा नाही, डोक्यावर उधारी. झोडणी होताच तो व्यापारी म्हणेल त्या भावाने भात घालतो. भरडल्यावरचा तांदूळ, कणी, तेलासाठी जाणारा कोंडा, सगळ्याचा पैसा पुढच्यांचा. आणि पावसाळ्यात तोच शेतकरी दुकानातून तांदूळ विकत आणतो.