कुठून आला?

सालवडला रात्री वारा फिरला की आम्ही खिडक्या लावून घेतो आणि सकाळी शेजाऱ्यांचा एकच प्रश्न असतो : काल वास कुठून आला? औद्योगिक वसाहतीलगत राहणाऱ्यांना हा प्रश्न नवा नाही. उत्तर मात्र ज्याच्या त्याच्या अंदाजाचे. २० मे २०२५ रोजी डॉ. जयंत नारळीकर गेले, तेव्हा जुनी कात्रणे काढून बसलो. हाच प्रश्न त्यांनी ४१ किलोमीटर उंचीवरच्या हवेला विचारला होता. फक्त तिथे वासाऐवजी जिवाणू होते.

हवेतले जीव पकडण्याचा उद्योग आपल्याकडे जुना आहे. डी. डी. कनिंगहॅम या ब्रिटिश डॉक्टरने कलकत्त्याच्या तुरुंगांत ग्लिसरीन लावलेल्या काचपट्ट्यांवर हवेतले कण धरले आणि १८७३ साली त्याचा अहवाल छापला. त्या कणांचा कॉलरा-तापाच्या साथींशी मेळ मात्र बसला नाही. पुढे तेव्हाच्या औरंगाबादेत, मराठवाडा विद्यापीठात, प्रा. एस. टी. टिळक यांनी हवा ओढून घेणारे यंत्र बनवले; १९७० साली त्याची माहिती प्रसिद्ध झाली. आत आठ दिवसांत एक फेरा घेणारा ढोल, त्यावर चिकट पट्टी. कोणत्या बुरशीचे बीजाणू कोणत्या दिवशी, कोणत्या वेळी आले, हे त्या पट्टीवर वाचता येई.

बीजाणूंना आकार असतो, म्हणून हे जमले. जिवाणू सूक्ष्मदर्शकाखाली बहुधा काड्या नाहीतर गोळ्या. नुसते पाहून जात ठरत नाही. तिथे जनुकांकडे वळावे लागते.

नारळीकरांचे गुरू फ्रेड हॉइल आणि चंद्रा विक्रमसिंघे यांचे मत होते, की जीवसृष्टीचे बीज अवकाशातून पृथ्वीवर आले. ते तपासायला २००१ च्या जानेवारीत, आणि पुन्हा २० एप्रिल २००५ रोजी, हैदराबादहून इस्रोच्या पुढाकाराने फुगा सोडला गेला. दुसऱ्या खेपेस त्याखाली ४५९ किलोचे साहित्य होते : निर्जंतुक, निर्वात अशा पोलादाच्या १६ नळ्या, ३८ किलो द्रवरूप निऑनमध्ये बुडवलेल्या. नळीचे तोंड उघडले की बाहेरची विरळ हवा आत ओढली जाऊन गोठायची. २० ते ४१ किलोमीटरच्या टप्प्यांत हवा भरून नळ्या हवाईछत्रीने खाली आल्या. तपासणी हैदराबादच्या सीसीएमबीत आणि पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात, स्वतंत्रपणे झाली.

जिवाणूंच्या १२ आणि बुरशीच्या ६ वसाहती वाढल्या. सर्व जिवाणूंत असणारे १६ एस हे जनुक ताडून पाहता १२ पैकी ९ जिवाणू ओळखीच्या जातींशी ९८ टक्क्यांहून अधिक जुळले. उरलेले तीन नवे ठरले. त्यांना हॉइल, इस्रो आणि आर्यभट यांची नावे मिळाली.

वर्तमानपत्रांनी मथळे दिले. मला मोलाचे वाटते ते २००९ च्या शोधनिबंधाचे शीर्षक. त्यात जिवाणू 'हवेत सापडले' असे म्हटलेले नाही. वरच्या वातावरणातली हवा गोळा करण्यासाठी वापरलेल्या नळ्यांत सापडले, असे म्हटले आहे. हे जीव अवकाशातले असल्याचे निर्णायकपणे सिद्ध होत नाही, हेही इस्रोने त्याच वर्षी जाहीर केले.

हा संयम पुढे योग्यच ठरला. आर्यभटांच्या नावाचा जिवाणू नंतर ठिकठिकाणच्या मातीत, झाडांच्या मुळांशी सापडला. २०१९ साली त्याचा संपूर्ण जनुकसंच ताडून पाहणाऱ्या संशोधकांनी तर म्हटले, की ही वेगळी जात नव्हेच. एकोणिसाव्या शतकापासून माहीत असलेला बॅसिलस मेगाटेरियमच हा.

म्हणून प्रयोग फसला, असे मी म्हणणार नाही. जनुक हे आडनावासारखे आहे. 'नारळीकर' म्हटल्यावर घराणे कळते; माणूस आज कुठल्या एसटीतून उतरला, ते कळत नाही. त्यासाठी वेगळी नोंद लागते : जागा, उंची, वेळ, वाऱ्याची दिशा. शिवाय हवा न भरलेली कोरी नळीही साऱ्या तपासण्यांतून न्यावी लागते, म्हणजे आपल्याच हातचे जंतू आकाशाच्या नावे जमा होत नाहीत.

हे वाचल्यापासून मी एक वही घातली आहे. वास आला की तारीख, वेळ आणि गच्चीवरच्या दोरीवरचे कपडे कोणत्या दिशेला फडफडत होते, ते लिहितो. वास नाही आला, तरी त्या तारखेसमोर 'नाही' लिहितो. ती माझी कोरी नळी. बोट कोणाकडे दाखवायचे, ते वही भरल्यावर पाहू.