रेल्वे इंजिनचालकाची धोक्याची जाणीव

रेल्वे इंजिनचालकाची धोक्याची जाणीव : मार्ग, सिग्नल, ब्रेक व स्वतःची शारीरिक-मानसिक अवस्था यांतून संभवणाऱ्या अपघाताचे इंजिनचालकास असणारे भान. रस्त्यावरील वाहनचालक समोरचा अडथळा पाहून वाहन थांबवू शकतो. रेल्वेत रूळ व चाक दोन्ही पोलादी असल्याने त्यांच्यातील घर्षण अल्प असते आणि वेगाने धावणाऱ्या गाडीस थांबण्यास सु. १ किमी. किंवा अधिक अंतर लागते. साहजिकच जे अद्याप दृष्टीस पडलेले नाही, त्यासाठी चालकास आधीच ब्रेक लावावा लागतो. त्यामुळे त्याची जाणीव दृष्टीइतकीच मार्गाच्या स्मरणावर व सिग्नलावरील विश्वासावर आधारलेली असते. या जाणिवेस रेल्वे व्यवस्थापनाने कितपत मान दिला, हा रेल्वे-सुरक्षेच्या इतिहासातील एक मूलभूत प्रश्न होय.

आरंभीच्या काळात चालकास मुख्य भय उताराचे व दुबळ्या ब्रेकचे होते. मुंबई-पुणे मार्गावरील बोरघाट १८६३ मध्ये वाहतुकीस खुला झाला. तेथे काही ठिकाणी ३७ मी. अंतरास १ मी. असा तीव्र उतार आहे. १८६९ साली घाट उतरणारी एक डाकगाडी ब्रेकना न जुमानता, गाडीची दिशा उलटविण्याच्या स्थानकावरील अडथळा मोडून पुढे गेली. अनावर गाडीस चढावर नेऊन थांबविणारे आपत्कालीन फाटे या घाटात ठेवलेले असून, उतरणारी गाडी ताब्यात आहे हे प्रथम थांबून सिद्ध करावे लागते. चालकाच्या मनातील भय येथे मार्गाच्या रचनेतच उतरले आहे. आयर्लंडमधील आर्मा येथे १२ जून १८८९ रोजी चढावर सोडलेले डबे मागे घरंगळून सु. ८० माणसे दगावली. त्यानंतर ब्रिटनमध्ये त्याच वर्षी प्रवासी गाड्यांना स्वयंचलित ब्रेक सक्तीचे झाले. या ब्रेकमध्ये नळी तुटल्यास ब्रेक सुटत नाहीत, उलट आपोआप लागतात.

ब्रेक सुधारले, वेग वाढला आणि धोक्याचे केंद्र सिग्नलाकडे सरकले. ८ ऑक्टोबर १९५२ रोजी लंडनजवळील हॅरो येथे एक जलद गाडी धोक्याचे सिग्नल ओलांडून उभ्या गाडीवर आदळली. तीत ११२ जण मरण पावले. परिणामी चालक-कक्षात इशारा देणाऱ्या यंत्रणेच्या प्रसारास वेग आला. तथापि या यंत्रणेत भोंगा वाजल्यावर चालकाने बटण दाबले, की ब्रेक टळतो. एका फेरीत अनेकदा करावी लागणारी ही कृती सवयीची होते आणि इशारा कानी पडूनही मनापर्यंत पोहोचेलच असे नाही.

लंडनमधील लॅडब्रोक ग्रोव्ह येथील अपघात (५ ऑक्टोबर १९९९) या दृष्टीने उद्‌बोधक आहे. तेथे धोका दर्शविणारा सिग्नल ओलांडून गेलेल्या गाडीची दुसरीशी टक्कर होऊन ३१ जण ठार झाले. हाच सिग्नल १९९३ पासून आठ वेळा धोक्याच्या स्थितीत ओलांडला गेला होता. अनेक चालक एकाच ठिकाणी चुकतात, तेव्हा दोष केवळ चालकांचा मानता येत नाही. तो सिग्नल नीट दिसत नाही, हेच त्या चुका सांगत होत्या. चालकांना नाव उघड न करता धोके कळविता यावेत यासाठी स्कॉटलंडमध्ये १९९६ साली सुरू झालेली योजना या अपघातानंतर देशभर लागू झाली.

शिक्षेचे भय धोक्याच्या जाणिवेवर कशी मात करते, हे जपानमधील आमागासाकी येथे दिसले. २५ एप्रिल २००५ रोजी ताशी ७० किमी. मर्यादेच्या वळणावर सु. ११६ किमी. वेगाने शिरलेली गाडी रुळांवरून घसरली व चालकासह १०७ जण मृत्युमुखी पडले. मागील स्थानकात गाडी नियत जागेपुढे गेल्याने तिला उशीर झाला होता. अशा चुकीबद्दल चालकांना अपमानास्पद ‘पुनर्प्रशिक्षण’ द्यावे लागे. त्या विवंचनेत त्याचे लक्ष विचलित झाले असावे, असे चौकशी अहवालात (२००७) नमूद आहे.

कोकण रेल्वेवर चालकांची पावसाळ्यातील चिंता दरडींची असते. २२ जून २००३ रोजी वैभववाडीजवळ व १६ जून २००४ रोजी करंजाडीजवळ दरडींमुळे गाड्या घसरून प्राणहानी झाली. अंधारात व पावसात वळणापलीकडील दगड दिसणे शक्य नसल्याने या मार्गावर पावसाळ्यात कमी वेगाचे स्वतंत्र वेळापत्रक अमलात असते.

चालक निर्दोष असूनही त्याचा विश्वास फोल ठरू शकतो. ओडिशातील बहानगा बाजार येथे २ जून २०२३ रोजी सिग्नल-परिपथातील चुकीमुळे मुख्य मार्गाचा हिरवा सिग्नल मिळालेली गाडी बाजूच्या रुळावर वळून उभ्या मालगाडीवर आदळली. त्यात २९० हून अधिक लोक मृत्यू पावले. सिग्नल ओलांडल्यास गाडी आपोआप थांबविणारी ‘कवच’ ही भारतीय प्रणाली २०२० मध्ये राष्ट्रीय स्तरावर स्वीकारण्यात आली. चालकाच्या चुकीवर असा उपाय करता येतो. परंतु सदोष सिग्नल, अपुरी विश्रांती वा ढासळती दरड यांची पहिली वार्ता बहुधा चालकाकडूनच येते आणि ती सांगण्यास तो निर्भय असेल, तरच तिचा उपयोग होतो.