समुपदेशनानं खरंच फरक पडतो का? शेजारच्या गोव्यानं मोजून बघितलं

पोस्ट मोठी आहे. सवडीनं वाचा, पण वाचा.

बातमीदारीत आल्यापासून एक वाक्य मी किती वेळा लिहिलं असेल त्याचा हिशेब नाही. 'आत्महत्येचे कारण समजू शकले नाही.' पोलिसांकडून माहिती घ्यायची, दोन परिच्छेद लिहायचे, शेवटी हे वाक्य टाकायचं आणि पुढच्या बातमीला लागायचं. दुसरंही एक वाक्य असंच हाताला बसलंय. 'समुपदेशन केंद्राचे उद्घाटन मान्यवरांच्या हस्ते झाले.' नारळ, फीत, फोटो. पुढे त्या केंद्रात कोण आलं, बरं होऊन गेलं की अर्ध्यावर सुटलं, हे विचारायला मी कधी परत गेलो नाही. चूक माझीच.

हा प्रश्न आपल्या शेजारी मात्र फार आधी विचारला गेला.

कुडाळचा पेशंट सिरीयस झाला की ॲम्ब्युलन्स बांदा ओलांडून बांबोळीला धावते, हे आपल्याला नवीन नाही. त्याच गोव्यात १९९६ साली डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'संगाथ' ही संस्था काढली. संगाथ म्हणजे सोबत. आपण मालवणीत 'वांगडा' म्हणतो ना, तेच.

या मंडळींना सुरुवातीलाच एक गोष्ट दिसत होती. 'मला नैराश्य आलंय' असं म्हणत कुणी डॉक्टरकडे येत नाही. डोकं दुखतं, झोप नाही, अंगात त्राण नाही, छातीत धडधडतं, अशा तक्रारी घेऊन येतात. आपल्याकडे तरी वेगळं काय? आधी देवाक गाऱ्हाणं, मग गोळ्या, मग 'टेन्शन घेव नको' हा फुकटचा सल्ला.

मग त्यांनी चाचणी घेतली. इस्पितळांच्या साध्या ओपीडीत आलेले ४५० पेशंट. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे तीन गट पाडले. एका गटाला नैराश्यावरची गोळी, दुसऱ्याला औषध नसलेली दिसायला तशीच गोळी, तिसऱ्याला समुपदेशन. निकाल २००३ साली 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. समुपदेशन त्या औषध नसलेल्या गोळीपेक्षा सरस ठरलं नव्हतं.

इथे जरा थांबा. आपल्याकडे असा निकाल आला असता तर अहवाल कपाटात गेला असता, किंवा 'शेकडो लाभार्थ्यांनी लाभ घेतला' अशी प्रेसनोट माझ्या टेबलावर आली असती. त्यांनी तो जगासमोर छापला आणि पद्धत बदलायला घेतली. या सगळ्या इतिहासातलं मला सगळ्यात मोठं वाटतं ते हेच.

पुढचा प्रयोग 'मानस'. मनशांती सुधार शोध. शोध हा शब्द नावातच घेतलेला. १२ सरकारी आरोग्य केंद्रं आणि १२ खासगी दवाखाने निवडले. त्यातल्या निम्म्या ठिकाणी मानसोपचाराची पदवी नसलेले, पण प्रशिक्षण दिलेले स्थानिक समुपदेशक बसवले. गरज पडली तर डॉक्टरांचं औषध, आणखी गरज पडली तर मानसोपचारतज्ज्ञ. पायरी पायरीनं. सुमारे २८०० पेशंट होते. २०१० साली निकाल आला. सरकारी केंद्रांत, आजार नक्की झालेल्या पेशंटांपैकी सहा महिन्यांत ६५.९ टक्के बरे झाले. समुपदेशक नव्हते तिथे ४२.५ टक्के. खासगी दवाखान्यांत मात्र फरक पडला नाही, कारण तिथे समुपदेशक नसतानाही जवळजवळ तेवढीच माणसं बरी होत होती. ओळखीचा फॅमिली डॉक्टर दोन शब्द ऐकून घेतो, त्याचाच हा गुण असावा असं मला वाटतं. म्हणजे समुपदेशकाची खरी गरज कुठे, तर गरिबाच्या रांगेत. हे मोजल्याशिवाय कळलं नसतं.

तरी ते थांबले नाहीत. पुढच्या टप्प्यात दोन वेगळ्या पद्धती बांधल्या आणि गोव्यातल्या दहा आरोग्य केंद्रांत तपासल्या. पहिली तीव्र नैराश्यासाठी, सहा ते आठ भेटींची. तिचं सूत्र सोपं आहे. मन लागेल तेव्हा काम करीन म्हणून बसू नका, आधी छोटं काम करा, मन मागून येईल. कुणी परसात झाडाला पाणी घालील, कुणी शेजारणीकडे जाऊन बसेल. पेशंट केंद्रावर येऊ शकला नाही तर समुपदेशक घरी जात. ४९५ जणांवरच्या या चाचणीत तीन महिन्यांनी ६४ टक्के लोक नैराश्यातून बाहेर आले होते. नेहमीच्या उपचारांवर असलेल्यांत ३९ टक्के.

दुसरी पद्धत दारूसाठी. हा विषय आपल्या तालुक्याला वेगळा समजावून सांगायला नको. ३७७ पुरुष, जास्तीत जास्त चार भेटी. आधीच्या १४ दिवसांत थेंबही न घेतलेले ४२ टक्के निघाले, दुसऱ्या गटात १८ टक्के. पण जे पीत राहिले त्यांच्या रोजच्या प्रमाणात फरक पडला नाही. तेही त्यांनी लिहून ठेवलं.

आणि हे समुपदेशक कोण? तिथलीच, तिथली भाषा बोलणारी माणसं. प्रशिक्षण, मग तज्ज्ञांच्या हाताखाली उमेदवारी. पण खरी गंमत त्यानंतर. पेशंटच्या संमतीनं संवाद ध्वनिमुद्रित करायचे, मग सगळ्या समुपदेशकांनी बसून एकमेकांचं काम ऐकायचं आणि ठरलेल्या मोजपट्टीवर गुण द्यायचे. कुठे उगाच उपदेश केला, कुठे ऐकून घेतलं नाही, ते तिथल्या तिथे कळायचं. हळूहळू हे गुण तज्ज्ञांनी दिलेल्या गुणांच्या जवळ जाऊ लागले.

झिम्बाब्वेत हरारे शहरात दवाखान्याबाहेरच्या बाकावर आज्या बसतात आणि लोकांचं ऐकून घेतात. त्याचीही अशीच चाचणी झाली आणि २०१६ साली निकाल चांगला आला. म्हणजे पैसा नाही, तज्ज्ञ नाहीत, ही सबब पूर्ण खरी नाही. एक मात्र खरं, गंभीर मानसिक आजाराला मानसोपचारतज्ज्ञ लागतोच. समुपदेशक त्याची जागा घेत नाही, त्याच्यापर्यंतची वाट सोपी करतो.

आता आपल्याबद्दल. शाळेत, पोलीस ठाण्यात, आरोग्य केंद्रात कुठेही समुपदेशन केंद्र दिसलं तर तीन प्रश्न विचारा. पहिल्यांदा आलेल्यांपैकी किती जण दुसऱ्यांदा आले? तीन महिन्यांनी त्यांची विचारपूस झाली का, आणि किती जणांना बरं वाटतंय? समुपदेशकाचं काम कोण तपासतं? नाव-गाव कुणाचंही नको, ते गुप्तच राहायला हवं. नुसता आकडा पुरे. एका वहीत मावेल एवढंच हे काम आहे. आकडा वाईट आला तरी चालेल. गोव्याचा पहिला आकडाही वाईटच होता.

मी ठरवलंय, यापुढे उद्घाटनाची बातमी लिहिली की डायरीत सहा महिन्यांनंतरची तारीख टाकायची आणि हे तीन प्रश्न घेऊन परत जायचं.

आणि हे वाचणाऱ्या कुणाला स्वतःलाच जड जात असेल, तर 'टेलिमानस'चा १४४१६ हा सरकारी नंबर आहे. पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. लाज धरू नका. घरच्या कुणाला तरी सांगा.

तुमच्या गावात असं केंद्र असेल तर अनुभव खाली लिहा. चांगला असो, वाईट असो.